बिऱ्हाड हलवण्याआधीचा हिशेब

मिठाच्या एक किलोच्या पुडीवर पुण्यात जी किंमत छापलेली असते तीच बहुधा बेंगळुरूत असते, नागपुरात असते आणि सावंतवाडीतही असते. साबण, बिस्किटे, टूथपेस्ट, चहाची पुडी यांचेही तसेच. वेष्टनबंद मालावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची आपल्याकडे सक्ती आहे आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटीचा दरही सगळ्या राज्यांत एकच झाला आहे. पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीबाहेर राहिली, म्हणून राज्याची हद्द ओलांडली की त्यांचे भाव बदलतात. डाळी, साखर, तेल यांची बाजारपेठ तर देशभराचीच. उरली भाजी, फळे आणि दूध. त्यांत दोन-चार रुपये इकडेतिकडे होतात, पण तेवढ्याने कोणाचा संसार कोलमडत नाही.

तरी बदलीची ऑर्डर किंवा नव्या नोकरीचे पत्र हातात पडले की घरातली पहिली चौकशी असते, "तिकडं टोमॅटो काय भाव?" माणसे आठवडाभर भावांची तुलना करतात आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार मात्र दहा मिनिटांत सही करून मोकळी होतात. खरे तर उलटे व्हायला हवे. जो माल ट्रकमध्ये घालून नेता येतो त्याचा भाव देशभर फिरून फिरून जवळपास सारखा होतो. जे नेता येत नाही ते ज्या त्या गावचे राहते. जागा, पाणी, रस्ता, शाळेतली जागा, रात्री दोन वाजता उघडा असलेला दवाखाना आणि आपला वेळ. नवे शहर महाग पडते किंवा स्वस्त पडते ते या गोष्टींमुळे. त्यातली जी गोष्ट शहर देत नाही ती आपल्याला खिशातून विकत घ्यावी लागते, आणि हा खर्च जाहिरातीतल्या भाड्यात कुठेच लिहिलेला नसतो.

आकडे काय सांगत नाहीत

शहरांची तुलना करायला सरकारी आकडा असेलच, असे आपल्याला वाटते. महागाई निर्देशांक शहरवार निघतो. औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक लेबर ब्युरो काढते आणि महागाई भत्ता त्यावरच ठरतो. त्याचे सध्याचे पायाभूत वर्ष २०१६ आहे. त्या वर्षी प्रत्येक केंद्राचा निर्देशांक १०० धरलेला आहे, मग ते केंद्र मुंबई असो वा सोलापूर. आज एका केंद्राचा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसला तर तिथे २०१६ पासून भाव जास्त वेगाने वाढले, एवढाच त्याचा अर्थ. दोन मुले वर्षभरात किती इंच वाढली हे कळल्याने त्यांच्यातले उंच कोण हे कळत नाही, तसे हे आहे. तरीही दोन शहरांचे निर्देशांक शेजारी ठेवून कोणते महाग ते ठरवणारे लेख वर्तमानपत्रांत अधूनमधून येतातच.

घरभाडे भत्त्यावरून काही कळेल म्हणावे, तर तिथला हिशेब आणखी ढोबळ. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी शहरांचे एक्स, वाय आणि झेड असे तीन वर्ग आहेत. सातव्या वेतन आयोगात महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर गेल्यावर घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाला. कोणते शहर कोणत्या वर्गात जाणार हे लोकसंख्येवर ठरते. पन्नास लाखांच्या वर एक्स, पाच लाखांच्या वर वाय आणि बाकी सगळे झेड. मुंबई आणि पुणे एक्समध्ये, तर नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर वायमध्ये. म्हणजे सरकारी कागदावर नाशिकचे आणि सोलापूरचे घरभाडे सारखे! दोन्हीकडे राहिलेला माणूस यावर काय म्हणेल ते सांगायला नको.

लोक प्रत्यक्षात किती खर्च करतात याचीही पाहणी होते. २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,६५७ रुपये आढळला, कर्नाटकाच्या शहरी भागात ७,६६६ रुपये. यावरून कर्नाटक महाग असा निष्कर्ष काढायची घाई नको. जास्त खर्च होतो तो भाव जास्त म्हणूनही आणि मिळकत जास्त म्हणूनही. शिवाय जो स्वतःच्या घरात राहतो त्याच्या घराचे भाडे या खर्चात मोजलेले नाही, आणि नव्या गावात जाणाऱ्याला नेमका तोच आकडा हवा असतो.

राहण्यायोग्यतेच्या क्रमवारीची कथा तर गमतीची आहे. लंडनच्या इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिटची जी यादी दरवर्षी गाजते, ज्यात व्हिएन्ना, कोपनहेगन वगैरे वरच्या पायऱ्यांवर असतात, तिचा एक मुख्य उपयोग कंपन्यांना होतो. परदेशी पाठवलेल्या अधिकाऱ्याला गैरसोयीच्या शहरासाठी जादा भत्ता किती द्यावा, हे त्यावरून ठरवता येते. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती आणि पर्यावरण, शिक्षण, पायाभूत सुविधा हे तिचे पाच निकष. घराचे भाडे त्यांत नाही, कारण साहेबांचे भाडे कंपनी भरणार. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ साली पहिला 'ईझ ऑफ लिव्हिंग' निर्देशांक जाहीर केला तेव्हा पुणे पहिले आले, नवी मुंबई दुसरी आणि बृहन्मुंबई तिसरी. बेंगळुरू ५८ वे. पुढच्या म्हणजे २०२० च्या निर्देशांकात बेंगळुरू थेट पहिले आणि पुणे दुसरे! दोन वर्षांत बेंगळुरूचे रस्ते रुंद झाले नव्हते की तळी भरली नव्हती. मोजण्याची रीत बदलली होती. नव्या रीतीत नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन होते. म्हणून अशा यादीत शहराचा क्रमांक पाहण्याआधी काय मोजले आहे ते पाहावे, आणि त्यातले आपल्याला काय लागते तेही.

भाडे म्हणजे नक्की किती

आता एकच उदाहरण नीट पाहू. पुण्याहून बेंगळुरूला जाणारे चौघांचे कुटुंब घ्या. नवराबायको, एक मुलगी शाळकरी, एक मुलगा लहान.

पुण्यातली पद्धत त्यांना ठाऊक असते. दोन-तीन महिन्यांचे डिपॉझिट, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, एजंटाला एक भाडे. महाराष्ट्रात हा करार नोंदवणे २००० सालापासून बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरावे असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे ५५ वे कलम म्हणते. मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना ३०,००० भाडे आणि एक लाख डिपॉझिट धरले तर अकरा महिन्यांचे भाडे ३,३०,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले मानीव व्याज साधारण ९,२००. या बेरजेवर पाव टक्का म्हणजे ८५० रुपयांच्या आसपास, वर शहरी हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एवढीच सरकारी रक्कम. एजंट पाच हजार सांगत असेल तर उरलेले त्याने बोटांचे ठसे घ्यायला घरी येण्याचे आहेत, हे समजून द्यावेत किंवा घासाघीस करावी. आणि हो, अकरा महिनेच का, तर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, हा १९०८ च्या नोंदणी कायद्याचा नियम चुकवण्यासाठी ती पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात प्रत्येकच करार नोंदवायचा असल्याने तिला आता अर्थ उरलेला नाही. मालक तयार असेल तर तेहतीस किंवा छत्तीस महिन्यांचा करार करता येतो, दर वर्षाची वाढ त्यातच लिहिता येते आणि दरवर्षीची एजंटगिरी वाचते.

बेंगळुरूत गेल्यावर पहिला धक्का डिपॉझिटचा. एके काळी तिथे दहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेण्याची रीत होती. आता पाच-सहा महिन्यांवर बऱ्याच ठिकाणी बोलणी होतात. दुसरा धक्का घर सोडताना बसतो. रंगकामाचे म्हणून एक महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापून घेतात, मग भिंती तुम्ही कितीही जपलेल्या असोत. करारात 'पेंटिंग चार्जेस' ही ओळ आधीच असते, आपण ती वाचलेली नसते. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स. तो भाड्यात धरला आहे की वेगळा, हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

समजा भाडे ४०,००० ठरले. सहा महिन्यांचे डिपॉझिट २,४०,०००. ते बँकेत सात टक्क्यांनी राहिले असते तर वर्षाला १६,८०० मिळाले असते, म्हणजे महिना १,४०० बुडाले. दोन वर्षांनी घर सोडताना रंगाचे ४०,००० गेले, म्हणजे महिना जवळपास १,७००. मेंटेनन्स ५,००० धरू. जाहिरातीतले ४०,००० झाले ४८,०००. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण कोणत्याही घरासाठी हीच बेरीज करावी आणि मगच पगारवाढीकडे बघावे. "तीस टक्के हाइक मिळाली" म्हणून पेढे वाटणाऱ्या घरांतून सहा महिन्यांनी जे सुस्कारे ऐकू येतात ते बहुतेक याच आठ हजारांचे असतात.

तिथे 'लीज' नावाचा आणखी एक प्रकार भेटतो. एकरकमी मोठी रक्कम मालकाला द्यायची, दोन-तीन वर्षे भाडे नाही, जाताना रक्कम परत. मुंबईतल्या हेवी डिपॉझिटचाच भाऊ. भाडे शून्य म्हणून मोह होतो. पण त्या घरावर मालकाचे कर्ज असेल आणि हप्ते थकले, तर बँक घरावर येते आणि आपली रक्कम अडकते. शहरात नव्या आलेल्या माणसाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नळाची तोटी बघा

भाड्याचे घर पाहायला गेलो की आपण हॉलची खिडकी पाहतो, मॉड्युलर किचन पाहतो, पार्किंग विचारतो. त्याऐवजी न्हाणीघरात जावे आणि नळाच्या तोटीकडे बघावे. तोटीवर आणि शॉवरच्या भोकांवर पांढरा, खरखरीत थर साचला असेल तर पाणी बहुधा बोअरचे आहे. गीझरची कॉइल लवकर जाणार, वॉशिंग मशीन कुरकुरणार, पाणी शुद्ध करायच्या यंत्राची गाळणी वरचेवर बदलावी लागणार आणि केसांच्या तक्रारी सुरू होणार. बाल्कनीत झाकण लावलेले निळे पिंप दिसले तर पाणी वेळेवर येत नाही, किंवा कधी काळी येत नव्हते आणि ती धास्ती गेलेली नाही. मग खाली उतरून वॉचमनला विचारावे, "मे महिन्यात टँकर किती येतात?" एजंट सांगेल ते ऐकून घ्यावे, वॉचमन सांगेल ते लिहून घ्यावे. जमल्यास सोसायटीच्या सेक्रेटरीकडे गेल्या उन्हाळ्याचे टँकरचे बिल मागावे.

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे आणि तिचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कावेरीतून उपसून वर चढवावे लागते. जिथे कावेरीची नळजोडणी नाही तिथे बोअर आणि टँकर. २०२४ च्या उन्हाळ्यात बोअर आटले आणि टँकरचे भाव इतके चढले की प्रशासनाला दर बांधून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत सहा हजार लिटरचा टँकर ६०० रुपये, बारा हजार लिटरचा १,०००. पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड. त्याच वर्षी ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. शहरात नंतर सामील झालेल्या ११० गावांसाठी तो आहे, दिवसाला ७७.५ कोटी लिटरचा. पण मुख्य वाहिनी आली म्हणून इमारतीत पाणी आले असे होत नाही. जोडणीसाठी इमारतीने पैसे भरावे लागतात, अंतर्गत नळ टाकावे लागतात. तेव्हा "आमच्या भागात कावेरी आली" या वाक्यावर विसंबू नये. "तुमच्या इमारतीच्या मीटरवर आली का?" असा प्रश्न करावा.

पुण्यात वेगळे काही नाही. महापालिकेत २०१७ साली ११ गावे आली आणि २०२१ साली २३. वाघोली त्यातलीच. उंच इमारती आधी उभ्या राहिल्या, हद्द मागून आली, जलवाहिनी त्याहून मागे राहिली. बांधकामाची परवानगी घेताना महापालिकेचे पाणी येईपर्यंत पाणी आम्ही पुरवू, असे हमीपत्र बिल्डर देतो. सोसायटी ताब्यात आली की टँकरचे बिल मात्र सदनिकाधारकांच्या मेंटेनन्समध्ये जाऊन बसते. याउलट मुंबईत घर लहान, भाडे अफाट, पण सात तलावांचे पाणी येते. भाडे आणि पाणी वेगवेगळे मोजले की हे ध्यानात येत नाही, एका ओळीत लिहिले की येते.

वेळ कोणाच्या खात्यात लिहायचा

टॉमटॉम या कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक पाहणीत बेंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे १० सेकंद लागले आणि पुण्यात ३३ मिनिटे २२ सेकंद. जगातल्या सर्वांत संथ शहरांत ही दोन्ही पहिल्या पाचांत होती. पुणेकराने बेंगळुरूच्या वाहतुकीला नावे ठेवावीत असा हा फरक नाही. घर ते कचेरी पंधरा किलोमीटर असेल तर या गतीने एका वेळची पन्नास मिनिटे. येऊनजाऊन शंभर. महिन्याला बावीस दिवस कचेरी धरली तर सदतीस तास होत आले, म्हणजे आठ तासांचे साडेचार दिवस. महिन्यातले साडेचार दिवस बिनपगारी काम केल्यासारखे झाले. आता कचेरीपासून पाच किलोमीटरवरचे, आठ हजारांनी महाग घर पुन्हा एकदा बघा. ते महाग आहे का?

याचे एकच एक उत्तर नाही. नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला नोकरीला असेल तर घर कुठेही घ्या, कोणाचे तरी दोन तास जातात. आपल्याकडे ते कोणाचे जातात हे वेगळे सांगायची गरज नाही. शाळेच्या बसचा थांबा मात्र घराखाली हवा, यावर तडजोड करू नये.

बसमेट्रोचा हिशेबही राज्याप्रमाणे बदलतो. कर्नाटकात 'शक्ती' योजनेखाली जून २०२३ पासून महिलांना साध्या सरकारी बसमधून फुकट प्रवास आहे, पण त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. तो बदलेपर्यंत तिकीट काढा. महाराष्ट्रात एसटीत महिलांना निम्मे तिकीट. बेंगळुरूच्या मेट्रोचे तिकीट फेब्रुवारी २०२५ मध्ये वाढून जास्तीत जास्त ९० रुपयांवर गेले. मुंबईच्या लोकलचा दुसऱ्या वर्गाचा पास वापरलेल्या माणसाला कुठल्याही शहरातला प्रवास महाग वाटतो आणि कुठल्याही शहरातली गर्दी कमी वाटते.

राज्याची हद्द

पुण्याहून नाशिकला जाणे आणि पुण्याहून बेंगळुरूला जाणे यांत अंतराहून मोठा फरक आहे तो हद्दीचा. पहिला फटका गाडीला. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक राहिली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, नव्या राज्यात गाडीच्या वयानुसार पुन्हा रोड टॅक्स आणि मग जुन्या राज्याकडे परताव्यासाठी खेटे. कर्नाटकाचा रोड टॅक्स देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहे. नव्या कारला किमतीनुसार १३ ते १८ टक्के. वारंवार बदल्या होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांतल्या लोकांना २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर मिळतो. त्यात दोन-दोन वर्षांचा टॅक्स भरायचा असतो. नवी गाडी घ्यायची असेल आणि बदली समोर दिसत असेल तर हे आधी बघावे.

दुसरा प्रश्न शाळेचा. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकवणे सक्तीचे झाले आहे, जसे महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी. पहिली-दुसरीतले मूल चार महिन्यांत कन्नड बोलू लागते आणि आईबापांचा दुभाषी होते. सातवी-आठवीतल्या मुलीला मात्र अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागते, तीही वर्गासमोर. चौघांच्या आपल्या कुटुंबात सर्वांत जास्त भाडे ही मुलगी भरणार असते.

याहून मोठी गोष्ट दहावीनंतर समोर येते. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या कोट्यातून एमबीबीएसला प्रवेश हवा असेल तर काही सवलती वगळता अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच झालेली लागतात. मुलगी नववीत असताना दोन वर्षांसाठी परराज्यात गेलेले कुटुंब अकरावीला परत आले तरी हे दार बंद झालेले असते. तसेच जातीच्या दाखल्याचे. एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या नोकऱ्यांत आणि महाविद्यालयांत चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० पासूनचा पवित्रा आहे. केंद्राच्या जागांसाठी तो चालतो. पगाराच्या चिठ्ठीत या दोन गोष्टींची किंमत कुठेच दिसत नाही आणि कुठलीही कंपनी ती भरून देत नाही.

बायकोची नोकरी हा तर बहुतेक बदल्यांतला सर्वांत मोठा आकडा. एकाचा पगार तीस टक्क्यांनी वाढला आणि दुसरीचा वर्षभर बंद झाला, तर बेरीज वजाबाकी होते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी स्थलांतरित मोजले गेले. त्यात मोठा वाटा बायकांचा होता आणि त्यांनी सांगितलेले मुख्य कारण लग्न हे होते. नव्या गावात घर लावणे, दूधवाला, गिरणी, डॉक्टर, शेजार शोधून बस्तान बसवणे हे काम या देशात कोणी केले आहे ते यातून दिसते. तेव्हा घर बघायला नवऱ्याने एकट्याने जाऊन टोकन देऊन येऊ नये.

कोकणात जाऊन राहू

उलट्या दिशेचा एक प्रवास मराठी घरांत नेहमी बोलला जातो. डोंबिवलीचा फ्लॅट विकायचा आणि निवृत्तीनंतर गावी, कोकणात राहायचे. भाडे नाही, पाणी विहिरीचे, भाजी परसातली. खर्च खरोखरच उतरतो. चढते ती एकच गोष्ट, अंतर. छातीत दुखू लागले तर अतिदक्षता विभाग किती मिनिटांवर, हा प्रश्न पासष्टीच्या माणसाने जुलै महिन्यातल्या रात्रीचा धरून विचारावा. दिवाळीतल्या दुपारचा नाही. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि त्याचे पुढे काय झाले हे प्रत्येक कोकणी माणसाला पाठ आहे. आरोग्य विम्याचाही कागद काढून बघावा. काही कंपन्या शहरांचे विभाग पाडून हप्ता ठरवतात. लहान गावच्या पत्त्यावर कमी हप्ता भरून मुंबईत उपचार घेतले तर बिलाचा काही टक्के भाग आपल्याला भरावा लागतो. घर कोकणात ठेवावे, पण तपासणी करणारा डॉक्टर रत्नागिरीत, कुडाळात किंवा पणजीत पहिल्या महिन्यातच ठरवून टाकावा, आणि डोंबिवलीचा फ्लॅट विकायची घाई करू नये. भाड्याने द्यावा. परत येणारे पुष्कळ आहेत.

हीच गोष्ट मोठ्या शहरात जाणाऱ्यांचीही. पहिले वर्ष घर विकत घेऊ नये, जुने विकू नये. जमले तर सहकुटुंब जाण्याआधी ज्या भागात राहायचे तिथेच दहा-पंधरा दिवस राहून यावे, तेही मे महिन्यात किंवा भर पावसात. कचेरीच्या वेळेला त्या रस्त्याने जाऊन यावे. डिसेंबरात सगळीच शहरे छान असतात.

आणि शेवटचे एक काम, जे भाडेकरू कधीच करत नाहीत. पाणी, रस्ते, बस यांतले जे शहर देत नाही ते आपण विकत घेतो, हे या प्रकरणभर पाहिले. शहराने ते द्यावे म्हणून ज्याच्याकडे तगादा लावायचा तो नगरसेवक. 'ईझ ऑफ लिव्हिंग'च्या यादीत आलटूनपालटून पहिल्या आलेल्या या दोन शहरांची गंमत अशी, की बेंगळुरूच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि पुण्याची मार्च २०२२ मध्ये, आणि दोन्हीकडे पुढे वर्षानुवर्षे प्रशासक बसले. फारशी ओरड झाली नाही. टँकरवर जगणाऱ्या नव्या वस्त्यांतल्या हजारो भाडेकरूंची नावे अजून सातारा, लातूर, हुबळी, कानपूर इथल्या मतदार याद्यांत आहेत, त्यांची ओरड ऐकायची कोणाला गरज नव्हती. राहण्याची जागा बदलली की मतदार यादीतले नाव हलवण्यासाठी नमुना ८ भरायचा असतो. तो ऑनलाइन भरता येतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. गॅसची जोडणी आणि आधारचा पत्ता बदलायला बसाल, त्याच बैठकीत तो भरून टाका.